तरवड : माळाची राखण करणारे झुडूप

(ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या वर्गात आपण जलसंधारण, गोपालन, फळबागा या विषयांवर पुष्कळ ऐकले. मला दिलेला विषय 'पडीक जमिनीवरील वनस्पती' असा आहे. या शीर्षकाखाली वीस-पंचवीस झाडांची नावे आणि त्यांचे उपयोग वाचून दाखवता येतील; परंतु अशा याद्या वहीत उतरतात आणि वहीतच राहतात. म्हणून आज एकाच झुडुपाविषयी बोलण्याचे मी ठरवले आहे. ते झुडूप म्हणजे तरवड.

सासवड-जेजुरीच्या बाजूने, माण-खटाव, आटपाडी, सांगोला किंवा कर्जत-जामखेडहून जे आले आहेत, त्यांना तरवडाची ओळख करून देण्याचे कारण नाही. बांधावर, ओढ्याच्या काठाला, मुरमाड टेकडीच्या उतारावर ते लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आणि डोळ्यांसमोर असल्यामुळेच कदाचित त्यांनी ते कधी पाहिलेले नाही. शहरांतून आलेल्यांसाठी थोडे वर्णन करतो. कमरेएवढे, कधी डोक्याच्याही वर जाणारे, बुंध्यापासून फांद्या फुटलेले हे सदाहरित झुडूप. साल तांबूस तपकिरी. चिंचेसारखे संयुक्त पान, त्यात पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखे मोठे उपपर्ण असते. ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा याच 'काना'वरून तिच्या नावात 'ऑरिक्युलाटा' हा शब्द घातला. आज शास्त्रज्ञ तिला 'सेना ऑरिक्युलाटा' म्हणतात. फुले पिवळीधमक, झुबक्यांनी येणारी. वर्षभर थोडीफार असतातच. पण पाऊस ओसरू लागला की श्रावण-भाद्रपदापासून पुढे झुडूप जणू पेटते. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, बोटभर लांब.

आपल्याकडील वैद्यकात तिला आवर्तकी हे संस्कृत नाव आहे. गुजरातेत आवळ, कर्नाटकात तंगडी किंवा आवरिके, आंध्र-तेलंगणात तंगेडु, तमिळनाडूत आवारम्, आणि समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेले की रणवरा. (गुजराती आवळ आणि आपला आवळा यांचा काही संबंध नाही, हे सांगून ठेवतो; पूर्वी एका ठिकाणी त्यावरून बराच वाद झाला होता.) कपिलर या प्राचीन तमिळ कवीच्या 'कुरिंजिप्पाट्टु'मध्ये फुलांची जी प्रसिद्ध नामावली आहे, तिच्यात आविरै म्हणून हे फूल आहे. तमिळनाडूच्या कोंगू भागात आजही पोंगलच्या आदल्या दिवशी आवारमची फुले, कडुलिंबाचा पाला यांची जुडी दाराला आणि शेताच्या कोपऱ्याला बांधतात. तेलंगणात बतुकम्मा हा स्त्रियांचा उत्सव भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत चालतो. फुलांचे थर रचून देवीचे जे रूप उभारतात, त्यात तंगेडुला मानाचे स्थान. त्या राज्याने २०१४ साली स्थापनेनंतर लगेच तंगेडुला राज्यपुष्प घोषित केले. आपल्या सोलापुरातील पद्मशाली बांधवांच्या वस्तीत नवरात्राच्या दिवसांत गेलात तर हीच बतुकम्मा पाहायला मिळेल. आणि आपल्याकडे काय? खेड्यापाड्यांत घटाला ज्या माळा चढतात, त्यांत कारळ्याच्या फुलांबरोबर तरवडाच्या फुलांची माळ असतेच. एकाच ऋतूत, एकाच देवीसाठी, एकच रानफूल तेलंगणापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत खुडले जाते. आणि ते कोणी परिपत्रक काढून ठरवलेले नाही. त्या दिवसांत कोरडवाहू माळावर मुबलक मिळणारे फूल तेच आहे. आपली परंपरा भूगोल विसरत नाही, एवढेच यातून दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे झुडूप पाचशे मिलिमीटर पावसावर, कधी त्याहूनही कमी पावसावर जगते. ज्या जमिनीत वीतभर माती आणि खाली मुरूम, तिथे ते सोटमूळ खोल उतरवते आणि खडकाच्या फटींतील ओल शोधते. वरून तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत; शेळीदेखील दुसरे काही मिळेनासे झाल्याखेरीज त्याच्या वाटेला जात नाही. ज्यांनी मोकाट चराईच्या गावात झाडे लावण्याचा खटाटोप केला आहे, त्यांना या एका गुणाची किंमत कळेल. कुंपण नाही, राखणदार नाही, टँकर नाही, आणि तरीही झुडूप उभे. अशा झुडुपाच्या बुडाशी वाहून आलेली माती अडते, पालापाचोळा साठतो, त्या सावलीत गवताचे बी रुजते. उजाड उतारावर माती धरून ठेवण्याचे काम ते करत राहते आणि त्याचे बिल कोणाला देत नाही.

असे असता आपण काय करतो? देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह २००० साली प्रथम प्रसिद्ध झाला, त्यात झुडपे असलेली जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला आहे. कागदावर एकदा 'पडीक' असा शिक्का बसला की तिचा 'विकास' करणे आले. मग पावसाळ्याच्या तोंडावर टेकडीवर यंत्र चढते, तरवड, बोर, हेंकळ मुळासकट उपटले जाते, खड्डे ओळीत पाडले जातात आणि त्यांत रोपवाटिकेतील रोपे लावली जातात. समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. पुढच्या एप्रिलमध्ये तिथे जाऊन पाहणारे फार थोडे. रोपे वाळलेली असतात, आणि जे जिवंत होते ते आपणच काढून टाकलेले असते. मी वृक्षारोपणाच्या विरोधात बोलतो आहे असे कृपया समजू नका. खड्डा जरूर घ्या. पण तो तरवड वाचवून घ्या. दोन झुडपांच्या आडोशाला लावलेले कडुलिंबाचे रोप उघड्यावरच्या रोपापेक्षा उन्हाळा सोसण्याची शक्यता अधिक. शेतातील अनुभवी माणसाला हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते कार्यक्रम आखणाऱ्यांना.

या झुडुपाच्या इतिहासातील एक प्रकरण मला मुद्दाम थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण ते आपल्या समाजजीवनाशी जोडलेले आहे. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. सुक्या सालीच्या वजनात साधारण पंधरा ते वीस टक्के. या द्रव्याने कातडे कमावले जाते. आपल्या दख्खनच्या शेतीत विहिरीवर इंजिन येण्यापूर्वी पाणी वर आणीत असे ती मोट. ती मोट कातड्याची. ते कातडे बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीत महिनोन्‌महिने मुरवून तयार करणारे हात ढोर आणि चर्मकार बांधवांचे. बागाईत म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगला ते सगळे त्या मोटेवर उभे होते. सालीचे पाणी किती दिवसांनी बदलायचे, कातडे केव्हा उलटायचे, कोणत्या ऋतूतील साल उत्तम, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. त्या ज्ञानाला आपण विद्या म्हटले नाही, आणि ते जाणणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले. मोटेचे पाणी मात्र आपल्याला चालले. इंजिने आली, मोटा गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही बव्हंशी गेले. ज्या घरांत त्याच्या आठवणी शिल्लक आहेत, तेथील वडीलधाऱ्यांना भेटून त्या टिपून ठेवण्याचे काम आपल्यापैकी कोणी अंगावर घेईल का? झुडपाचे गुण पुस्तकात मिळतील. हे मिळणार नाही.

ही साल केवळ गावापुरती नव्हती. इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातून अर्धकमावलेली कातडी जहाजे भरभरून विलायतेला जात. ती कमावली जात तरवडाच्या सालीत. चामड्याच्या व्यापारात या सालीला जे 'टर्वर बार्क' म्हणत, ते आपल्या 'तरवड' शब्दाचेच रूप. या सालीने कातडे फिकट रंगाचे आणि लवचीक होते. दोष एवढाच की उन्हात ते लालसर पडते. म्हणून शेवटचा हात हिरड्याचा देत. तरवड आणि हिरडा या दोन रानातल्या वस्तूंवर एक निर्यात-उद्योग उभा होता.

पुढे दोन बदल झाले. दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल आणि तिचा अर्क येऊ लागला. हे वॅटल मूळचे ऑस्ट्रेलियातील. दुसरीकडे क्रोमियमचे क्षार वापरून काही दिवसांत कातडे कमावण्याची रासायनिक पद्धत आली. तरवडाची साल काढायला माणसे लागतात, मुरवायला महिने लागतात. व्यापाराच्या हिशेबात ती मागे पडली. इथवर आर्थिक घडामोड म्हणता येईल. परंतु स्वातंत्र्यानंतर टॅनिनची गरज भागवण्यासाठी निलगिरी आणि पळणी पर्वतांच्या माथ्यावरील गवताळ कुरणांवर त्याच परदेशी वॅटलची लागवड झाली. ती कुरणे म्हणजे नद्यांची उगमस्थाने. वॅटल तिथे असे पसरले की आज ते काढून कुरणे पूर्ववत कशी करावीत, हा तिथल्या वनखात्यापुढचा मोठा प्रश्न आहे. न्यायालयापर्यंत तो गेला आहे. आणि क्रोमियमचे काय झाले? वेल्लोर परिसरातील कातडी-कारखान्यांच्या सांडपाण्याने पालार नदीचे खोरे इतके बिघडले की १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात निर्णय द्यावा लागला. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेत ठसवणाऱ्या निकालांपैकी तो एक. ज्या तमिळ प्रदेशाच्या माळांवर आवारम् उगवते, त्याच प्रदेशात हे दोन्ही घडले, हे लक्षात घ्या.

मी भाबडेपणाने 'पुन्हा सालीकडे चला' असे सांगणार नाही. वनस्पतिजन्य कमावणीलाही पाणी लागते, तिचेही सांडपाणी निघते, आणि देशाची चामड्याची सगळी गरज तीवर भागणार नाही. पण कोल्हापुरी चपलेसारख्या वस्तूला, जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे हीच तर तिची ओळख आहे. अशा मर्यादित, चांगला दाम मिळणाऱ्या कामासाठी तरवडाची साल पुन्हा करून पाहण्यासारखी आहे. लागवड केलेल्या झुडपांच्या फांद्या दोन-तीन वर्षांनी छाटून साल काढता येते आणि बुंधा पुन्हा फुटतो. जंगलातले मात्र सोलू नका.

औषधाविषयी बोलल्याशिवाय श्रोते सोडत नाहीत, म्हणून बोलतो, परंतु जपून. प्रमेहात, म्हणजे आजच्या भाषेत मधुमेहात, तरवडाची फुले आणि बी वापरण्याची परंपरा जुनी आहे. सिद्ध वैद्यकात 'आवारै कुडिनीर' नावाचा काढा प्रसिद्ध आहे. उंदरांवरील प्रयोगांत रक्तशर्करा उतरल्याचे निष्कर्ष अनेकदा आले आहेत. मात्र उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे. चालू औषध बंद करून तरवडाच्या फुलांचा चहा पिणे हा शुद्ध अविचार होय. आणखी एक गोष्ट या झुडुपाची जाहिरात करणारे कधी सांगत नाहीत. श्रीलंकेत रणवराचा चहा घरोघर पितात. तिथल्याच संशोधकांनी १९८१ साली या वनस्पतीत यकृताला बाधक अशा गटातील अल्कलॉइडे आढळल्याचे प्रसिद्ध केले. क्वचित कधी घेतलेल्या काढ्याने काय होते आणि रोजच्या पेल्याने काय होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्याच्या सल्ल्याने, मर्यादित काळ, एवढेच मी म्हणेन. बाह्य उपयोगाला हरकत नाही: वाळलेल्या फुलांची पूड उटण्यात घालतात, कोवळी काडी दातवणाला चालते.

दोन सावधगिरीच्या सूचना. सोनामुखीच्या पानांत तरवडाच्या पानांची भेसळ होते. ती तपासूनच घ्यावी, कारण सोनामुखीचा रेचक गुण तरवडात नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. टाकळा, कासोदा आणि तरवड ही सगळी पिवळ्या फुलांची भावंडे. त्यांपैकी कासोद्याच्या शेंगांतील बिया लहान मुलांनी खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक बालमृत्यू झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढले. तेव्हा मुलांना घेऊन 'वनस्पती-ओळख' करणाऱ्यांनी कानासारख्या उपपर्णाची खूण दाखवल्याशिवाय कोणतेही पिवळे फूल तरवडाचे म्हणून हाती देऊ नये.

शेतकऱ्याला याचा थेट लाभ काय? पहिला, पाल्याचा. तरवडाचा पाला हिरवळीचे खत म्हणून भातखाचरांत आणि चोपण जमिनीत घालण्याची दक्षिणेत जुनी रीत आहे. येथे एक गैरसमज दूर करतो. हे झुडूप शेंगवर्गीय आहे म्हणून त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असणार, असे अनेक पुस्तिकांत छापलेले आढळते. तरवड ज्या गटात येतो त्या गटातील झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी होत नाहीत. पाला उपयोगी आहे तो खोलवरची अन्नद्रव्ये मुळांनी वर आणून पानांत साठवतो म्हणून.

दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. तरवडाच्या फुलात मध नसतो, केवळ पराग. तोही उघड्यावर नाही. परागकोशाच्या टोकाला छिद्र असते आणि पराग आत बंद. काळा भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरतो, अंग थरथरवतो, आणि त्या कंपनाने पराग छिद्रातून बाहेर उडतो. सकाळी झुडपाजवळ उभे राहिलात तर हा वेगळा, चढा गुणगुणाट ऐकू येईल. आता वांग्याचे आणि टोमॅटोचे फूल पाहा. त्यांचे परागकोशही असेच बंद, आणि त्यांनाही असाच थरथरवणारा कीटक उपयोगी पडतो. म्हणजे बांधावर तरवड असेल तर वांग्याचा हंगाम नसतानाही भुंग्याला खाणे मिळते आणि तो शिवारात टिकतो. बांध स्वच्छ करण्याच्या हौसेने आपण तणनाशक मारतो, तेव्हा या कारागिराला हद्दपार करत असतो. काही फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरेही याच पानांवर अंडी घालतात. त्यांच्या अळ्यांनी थोडा पाला खाल्ला तर फवारणी करू नका. झुडूप सावरते.

आता लागवड. शेंगा हिवाळ्यात वाळून तपकिरी होतात. मार्गशीर्ष-पौषात त्या फुटण्याआधी काढाव्यात, उन्हात वाळवून काठीने झोडपाव्यात, बी पाखडून घ्यावे. बियांचे कवच कठीण असते. तसेच पेरले तर थोडे उगवते, बाकीचे मातीत पडून राहते. त्यासाठी पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात बी टाकावे, पाणी निवेपर्यंत आणि पुढे रात्रभर तसेच ठेवावे. फुगलेले बी सकाळी पेरावे. चुलीवर ठेवून शिजवायचे नाही, हे सांगावे लागते. फुगले नाही ते जाड वाळूबरोबर खसाखसा चोळून पुन्हा भिजवावे.

रोपे करण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. सोटमुळाचे झाड पिशवीत वाढले की मूळ वळते, आणि त्याचा दुष्काळ सोसण्याचा गुणच तिथे निम्मा संपतो. मृगाचा चांगला पाऊस झाला, वीतभर ओल गेली, की समपातळी बांधावर किंवा चराच्या खालच्या मातीवर हाता-दीड हातावर दोन-तीन बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोकाव्यात. पहिल्या पावसाळ्यात भोवतीचे गवत एकदा काढले तर पुरे. पाणी साचणाऱ्या जागी मात्र लावू नये, तिथे मूळ कुजते. दुसऱ्या वर्षापासून त्याला आपली गरज नसते. आणि सगळ्या माळावर तरवडच तरवड करू नये. जिथे पवना, मारवेलसारखे चांगले गवत आहे तो माळ गवताचाच राहू द्या. मेंढपाळाचा तो चारा आहे आणि चंडोलाचे घर आहे. तरवड लावायचा तो धुपून खरवडलेल्या उतारावर, घळीच्या काठाला आणि बांधावर.

फुलांच्या पुडीला आता शहरांत गिऱ्हाईक आहे. गावातील बचत गटाने हे काम घेतले तर उत्तमच. फक्त एका झुडपावरची सगळी फुले खुडू नयेत. निम्मी फुले राहिली तरच शेंगा धरतील, आणि शेंगा धरल्या तरच पुढच्या वर्षी बी मिळेल. ज्यांच्या गावात तरवड आहे त्यांनी या पौषात जमेल तेवढे बी गोळा करून कोरड्या डब्यात, राखेत मिसळून ठेवावे. ज्यांच्या गावातून तो गेला आहे, त्यांनी त्यांच्याकडून मागून घ्यावे. पेरणीला मृगापर्यंत वेळ आहे.